कागदावर नाव कुणाचं?

पेरणी तोंडावर आली की बियाण्याला पैसा लागतो आणि हात रिकामा असतो. ही अडचण जुनीच. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. राग माणसापेक्षा कागदावर होता. अंगठा उठवला की जमीन धोक्यात यायची. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. इंग्रजी मुलखात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही १९५१-५२ च्या देशव्यापी पाहणीत शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले जेमतेम तीन रुपये सहकारी संस्थांचे निघाले. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आलं. आज ठरलेल्या मर्यादेतलं पीककर्ज वेळेत फेडलं, तर केंद्राच्या सवलतीने व्याज चार टक्क्यांवर येतं.

पण बँक आधी सातबारा मागते. खुरपणी, वेचणी आपली. नाव मात्र घरधन्याचं. तो गेला आणि वारसनोंद राहिली, की बाई पुन्हा सावकाराच्या दारात. तेव्हा कागदाने बांधलं, आज कागद बाहेर ठेवतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने सातबारा आणा. वारसनोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे अर्ज करू. बटईने कसणाऱ्या बायांनो, तुमच्या गटालाही किसान कार्ड मागता येतं.