छापण्याआधीचा वाचक

पुस्तक प्रकाशनाचा समारंभ मराठी माणसाला इतका पाठ झाला आहे की त्याचा क्रम डोळे मिटून सांगता येतो. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, शाल-श्रीफळ, मग तबकातून आलेला रंगीत कागदाचा गठ्ठा. प्रमुख पाहुणे रिबीन ओढतात, कागद फाडतात, पाच-सहा जण प्रती छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघतात. त्यानंतर भाषणं सुरू होतात. पण ज्याच्या पैशातून हे पुस्तक उभं राहिलं त्या छोट्या प्रकाशकाचं लक्ष त्या वेळी दाराशी मांडलेल्या टेबलाकडे असतं. तिथे पुस्तकांच्या चळतीशेजारी एक यादी असते, महिनाभर आधी प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ठेवलेल्यांची. नाव सांगायचं आणि प्रत घेऊन जायचं. या समारंभाचं कूळ मी व्यासपीठावर शोधत नाही. ते त्या यादीत सापडतं.

मराठीत पहिली आवृत्ती हजार प्रतींची काढायची ही जुनी रीत. आता पाचशेची निघते, तीनशेचीही निघते. कागद, छपाई आणि बांधणी यांचे पैसे आधी मोजावे लागतात. विक्रेत्याकडून येणारे पैसे त्याचं कमिशन वजा होऊन, तेही कित्येक महिन्यांनी येतात. मधला काळ कशावर काढायचा हा प्रश्न प्रकाशकाला पहिल्यापासून पडलेला आहे आणि त्यावरची तोड मुद्रणाच्या सुरुवातीलाच निघाली: वाचक आधी गाठायचा, पुस्तक मागाहून छापायचं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं, त्याच्या आधी त्याचा जाहीरनामा निघाला होता. काय छापणार, कोणासाठी छापणार, वर्गणी काय, हे अंकाआधी लोकांच्या हाती पडलं. पुस्तकांचंही तेच. एकोणिसाव्या शतकात कितीतरी मराठी ग्रंथ आगाऊ वर्गणीदारांच्या भरवशावर छापखान्यात गेले आणि आश्रय देणाऱ्यांची नावं ग्रंथातच छापली गेली. त्या याद्या वाचताना कोणत्या गावातल्या कोणत्या हुद्द्याच्या माणसाला हे पुस्तक हवंसं वाटलं ते कळतं. जाहीरनामा आणि यादी या दोन गोष्टींतून प्रकाशकाचं बातमीपत्र जन्माला आलं.

पण यादीत नाव घालायला वर्गणीचे पैसे लागतात, आणि त्याआधी वाचता यावं लागतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याच्यापर्यंत लेखकाने कसं पोचायचं? याचं उत्तर जोतीराव फुले यांनी दिलं, आणि या कुळकथेतला सगळ्यात मोलाचा पूर्वज मला तिथे दिसतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३च्या जुलैमध्ये लिहून पुरा झाला. तो छापून येण्याची वाट न पाहता जोतीरावांनी त्यातला मजकूर मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. हे सगळं खुद्द जोतीरावांनीच ग्रंथाच्या उपोद्घातात नोंदवून ठेवलं आहे.

या वाचनांची कल्पना नीट करून पाहावी. ग्रंथाचा विषय शेतकऱ्याची नागवण: सावकार, भट, सरकारी कामगार, जंगल खातं, पाटबंधारे. आणि समोर बसलेला माणूस तोच, ज्याच्या अंगावर हे सगळं रोज येतं. त्याला पुस्तक विकत घ्यायचं नव्हतं, पुस्तक तर अजून झालंच नव्हतं. तो पहिला वाचकही होता आणि पहिला साक्षीदारही. लेखकाने लिहिलेला धाऱ्याचा आकडा किंवा घरातल्या खर्चाचा तपशील चुकला असता तर तो तिथल्या तिथे सांगू शकला असता. ‘असूड’च्या गद्यात बोलण्याचा जो जोर आहे, समोरच्याला उद्देशून लिहिल्यासारखा जो ताण आहे, त्याचं नातं या वाचनांशी लावल्याशिवाय मला राहवत नाही.

छापखान्याचा अनुभव मात्र कडू आला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’त सुरुवातीची प्रकरणं आली आणि पुढची थांबली. सत्यशोधक चळवळीतल्या आपल्याच माणसाच्या पत्राने हात आखडता घेतला याचं जोतीरावांना दुःख झालं, ते त्यांनी कठोर शब्दांत बोलूनही दाखवलं. अख्खा ग्रंथ त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आला नाही. तरीही तो लोकांपर्यंत पोचला होता. छापील प्रतीवाचून पुस्तक पोचवण्याचं एवढं मोठं दुसरं उदाहरण मराठीत मला ठाऊक नाही.

याच काळात पुण्यात लेखकांना एकत्र आणण्याचा दुसरा प्रयत्न चालू होता. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी हिराबागेत ग्रंथकारांची पहिली सभा भरली. त्याआधी ‘ज्ञानप्रकाशा’त तिचं आवाहन छापलं होतं. ग्रंथप्रसाराला चालना मिळावी हा हेतू होता. रानड्यांनीच १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली होती, म्हणजे तिकडे ऐकणारा वर्ग तयार होत होता आणि इकडे लिहिणाऱ्यांची मोट बांधली जात होती. दुसरी ग्रंथकार सभा १८८५ साली पुण्यातच भरली. तिचं निमंत्रण जोतीरावांना गेलं आणि त्यांनी नकार कळवला. ज्या समाजाला साध्या मानवी हक्कांपासून दूर ठेवलं त्याच्या दुःखाला तुमच्या सभेत आणि तुमच्या पुस्तकांत जागा नाही, तेव्हा आमचा तुमचा मेळ बसायचा नाही, असा त्या पत्राचा आशय. ‘ज्ञानोदया’ने ते पत्र छापलं.

साहित्य संमेलनाच्या इतिहासात हे पत्र नेहमी येतं. मला ते ‘असूड’च्या वाचनांशेजारी ठेवून वाचावंसं वाटतं. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने लेखकाच्या जाहीर भेटीच्या दोन तऱ्हा समोर येतात. एका ठिकाणी लेखक लेखकांना भेटतात. दुसऱ्या ठिकाणी लेखक ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांच्यापुढे बसतो. पुढच्या काळात मोठ्या संस्थांनी पहिली तऱ्हा वाढवली. दुसरीची आठवण अधूनमधून छोट्या प्रकाशकांना आणि चळवळींना झाली, आणि जेव्हा झाली तेव्हा मराठी पुस्तकांचं रूप पालटलं.

वर्गणीदाराच्या शोधात सर्वांत दूरवर गेले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परत आलेल्या या माणसाने ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ काढायचं ठरवलं. सरकार पाठीशी नाही, संस्थानिकाचा भक्कम आश्रय नाही. म्हणून नागपुरात मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, आणि भागधारक व वर्गणीदार मिळवायला केतकर आणि त्यांची माणसं गावोगाव फिरली. पुढे काम पुण्यात आलं. कोशाचे २३ खंड निघाले. न पाहिलेल्या ग्रंथासाठी पैसे द्या, हे लोकांना पटवायचं तर ज्ञानकोश म्हणजे काय इथपासून सांगावं लागे. हा सगळा व्यवहार केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात मांडला आहे. ज्याला प्रकाशन करायचं आहे त्याने तो आजही वाचावा. याच कामात तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्धीस नेला. वर्गणीदारांच्या पैशाने कोश झाले तसे कोशकारही झाले.

१९३०च्या दशकात एक उलटाच प्रकार घडला. ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली प्रसिद्ध केलं. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही बाई कोण, यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. या टोपणनावामागच्या मालतीबाई बेडेकरांचं नाव बराच काळ पडद्याआड राहिलं. लेखिकेला लोकांपुढे येणं शक्य नव्हतं, तेव्हा निंदानालस्तीच्या त्या दिवसांत प्रकाशकाचं नाव तेवढं लोकांसमोर होतं. लेखकाची भेट घडवून आणणं हे जसं प्रकाशकाचं काम, तसं वेळ पडली तर लेखकाला झाकून ठेवणं हेही त्याचंच, याचा मराठीतला हा मोठा दाखला.

स्वातंत्र्यानंतर ग्रंथव्यवहाराच्या बातमीला तिचं स्वतःचं घर मिळालं. गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक सुरू केलं. नवीन काय आलं, कोण काय लिहीत आहे, कोणत्या पुस्तकावरून वाद पेटला आहे, हे महिन्याच्या महिन्याला वाचकाच्या घरी पोचू लागलं. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने त्यात लेखकांची आणि प्रकाशकांची खबर घ्यायचे आणि वसंत सरवट्यांच्या रेषेने त्या ठणठणपाळाला हातोड्यासकट चेहरा दिला. प्रकाशकाने चालवलेल्या मासिकात प्रकाशकांचीच टोपी उडवली जात होती, म्हणून वाचकाचा त्यावर विश्वास बसला. नुसती स्वतःच्या पुस्तकांची तारीफ छापली असती तर तो अंक पाकिटातच राहिला असता. पुढे ‘मॅजेस्टिक गप्पा’ आल्या. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघाच्या साथीने रंगणाऱ्या या गप्पांत लेखक भाषण करायला उभा न राहता बोलत बसतो. फरक लहान वाटतो, पण श्रोत्याला प्रश्न विचारायचं बळ त्यातूनच येतं.

मग ‘ग्रंथाली’. १९७४-७५च्या सुमारास दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर अशा मंडळींनी मिळून स्वतःला प्रकाशन संस्था न म्हणवता वाचक चळवळ म्हणवलं. सभासदांनी आधी पैसे भरायचे आणि त्यांना पुस्तक कमी किमतीत मिळायचं. वर्गणीदाराची जुनी रीत, पण आता ती चळवळीच्या अंगाने आली. पुस्तकं गाडीत घालून ग्रंथयात्रा निघाल्या, दुकानं नसलेल्या गावांतून प्रदर्शनं मांडली गेली. ‘रुची’ हे पत्र निघालं.

पण ग्रंथालीचं खरं देणं मी विक्रीच्या रीतीत मोजत नाही. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली तिथून आलं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८० साली, पुढे किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’. महारवाडा, कैकाड्यांचं बिऱ्हाड, कोल्हाटणीचं घर यांची आतून सांगितलेली हकिगत मध्यमवर्गीय सभासदाच्या हाती पडली. आगाऊ पैसे भरताना त्याला काय वाढून ठेवलं आहे याची पुरती कल्पना असण्याचं कारण नव्हतं. बाजाराचा अंदाज घेऊन पुस्तकं काढणाऱ्याने अशा हस्तलिखितांपुढे दहा वेळा विचार केला असता. ज्याच्या मागे वाचक आधीच उभा आहे, त्याला धाडस परवडतं. वर्गणीदार-पद्धतीचं मला वाटणारं सर्वांत मोठं समर्थन हेच.

औरंगाबादेत डॉ. गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ चालवत होते. या नियतकालिकाने दलित लेखकांच्या पिढ्या घडवल्या आणि गावोगावी लेखक-वाचक मेळावे भरवले. या मेळाव्यांच्या नावातच वाचक लेखकाच्या बरोबरीने बसला. आज श्रोत्यांत असलेला तरुण पुढे त्याच अंकात कविता घेऊन येई. ग्रंथकार सभेला जोतीरावांनी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर इथे कृतीतून दिलं जात होतं.

आजचा छोटा प्रकाशक हे सगळं मोबाईलवर करतो. मुखपृष्ठ आधी फिरतं, मग सवलतीची मुदत, मग पैसे भरायचा चौकोनी कोड, मग कार्यक्रमाची पत्रिका. पैसे आलेल्यांची यादी फोनमध्येच तयार होते. टाळेबंदीत तर समारंभ पडद्यावरच झाले आणि परदेशातली मराठी माणसंही त्यात बसली. साधनं स्वस्त झाली हे फार चांगलं झालं. दोन माणसांची प्रकाशन संस्था तालुक्याच्या गावातून चालू शकते, आणि अशा संस्था चांगल्या चालतात.

मला काळजी वाटते ती कार्यक्रमाच्या आतल्या भागाची. दोन तासांत चार भाषणं होतात आणि पुस्तकातलं एक पानही ऐकू येत नाही. पाहुणे पुस्तक चाळून आलेले असतात, लेखकाला शेवटी दहा मिनिटं मिळतात आणि तीही आभार मानण्यात जातात. प्रश्नांना वेळच उरत नाही. हे बदलणं छोट्या प्रकाशकाच्या हातात आहे, कारण त्याला कोणाची मर्जी राखायची नसते. सभागृहाचं भाडं परवडत नसेल तर गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा हॉल मागावा. महाराष्ट्रात अशी वाचनालयं खेडोपाडी आहेत आणि त्यांनाही कार्यक्रम हवेच असतात. लेखकाच्या एसटीचं भाडं प्रकाशकाने द्यावं. एकच पाहुणा बोलवावा, ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आहे. उरलेला वेळ लेखकाने वाचावं, तेही छापून झालेल्या पुस्तकातलंच असं नाही. पुढच्या पुस्तकाची अजून कच्ची असलेली पानं तिथे वाचावीत, आणि पुस्तक ज्या लोकांविषयी आहे त्यांना मुद्दाम बोलावून पुढच्या रांगेत बसवावं. ऊसतोडीवर कादंबरी असेल तर तोडणीला जाऊन आलेली बाई त्या रांगेत असावी. तिने मध्येच थांबवून उचलीचा हिशेब असा नसतो म्हणून सांगितलं, तर तो हिशेब मुद्रितं तपासायच्या आधी दुरुस्त करता येतो.