लाल माती, ज्युदो आणि हेलसिंकी
कोल्हापूरच्या तालमी राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने भरभराटीला आल्या. रोममधील कलोसियम पाहिल्यावर महाराजांनी खासबाग मैदान उभारले. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींत खेड्यापाड्यांतली मुले राहायला येत. पहाटे उठून मारुतीला नमस्कार, जोर-बैठका, मग हौद्यातली लाल माती अंगाला लावून लढत. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेले असते. मल्ल कोणत्या वस्तादाचा पठ्ठा आहे, यावरून त्याची ओळख ठरे. शिस्त, खुराक आणि गुरुनिष्ठा यांच्याशिवाय नुसत्या डावांना तालमीत मोल नव्हते.

जपानमध्येही असेच घडत होते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुन्या जुजुत्सूला नवे वळण देऊन ज्युदो घडवला आणि तोक्योत कोदोकान ही शाळा काढली. तिथेही आधी गुरूपुढे वाकायचे, मग झुंजायचे. फरक पकडीत होता. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याचा जाड अंगरखा धरून त्याला फेकतात. लंगोटावरच्या मल्लाला मात्र मान, मनगट आणि पायच धरावे लागतात. वासेदा विद्यापीठातले ज्युदोपटू इचिरो हात्ता यांनी १९३१ मध्ये तिथे कुस्तीचा क्लब सुरू केला आणि ज्युदोपटू मॅटवर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांतल्या ज्युदोवर १९५० पर्यंत बंदी होती. याच काळात शोहाची इशी ज्युदो सोडून कुस्तीकडे वळला.

त्याची गाठ कोल्हापूरच्या मातीशी १९५२ मध्ये पडली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. मातीत घडलेले हे मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर सहावे आले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना पैसे हवे होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गुरुशिष्याचे नाते तालमीच्या उंबऱ्याबाहेरही किती खोल होते, याचा याहून मोठा पुरावा नाही. ५७ किलो गटात खाशाबांना इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव यांच्याकडून हार पत्करावी लागली. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

जपानने विद्यापीठांतून मॅटची परंपरा वाढवली. कोल्हापूरचे मन मात्र मातीतच रमले. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले आणि मैदाने गर्दीने फुलत राहिली. कुस्तीतले भारताचे दुसरे ऑलिंपिक पदक येण्यास २००८ साल उजाडले. आज कोल्हापुरातल्या तालमींत हौद्याबरोबर मॅटवरचाही सराव चालतो.