पूर्वजांची पंगत

एखाद्या भोजनगृहाला कोणी ‘जुन्या वळणाचें’ म्हटलें, कीं आमच्यांतला इतिहासाचा शिक्षक जागा होतो आणि ‘किती जुनें?’ हा प्रश्न त्याच्या ओठांवर येतो. दोन वर्षांपूर्वीं न्यूयॉर्क शहरीं आमच्या पुतण्यानें आम्हां सर्वांना अशाच एका इटालियन भोजनगृहांत नेलें, तेव्हांहि हेंच झालें. टेबलांवर तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचीं कापडें, भिंतीवर मालकाच्या पूर्वजांचीं पिवळीं पडलेलीं छायाचित्रें, आणि परातीएवढ्या ताटांत आलेलें अन्न! टोमॅटोच्या लालभडक रश्शांत माखलेल्या लांब शेवया, त्यांवर लिंबाहून मोठे खिम्याचे गोळे आणि वरून किसलेलें चीज. एका ताटांत चौघांचें पोट भरावें. पुतण्याच्या दहा वर्षांच्या मुलीनें भिंतीवरच्या एका मिशाळ गृहस्थाकडे बोट दाखवून विचारलें, “आजोबा, हे लोक इटलीत रोज असंच जेवत होते का?” त्या रात्रीं आम्हीं तिला नुसतें ‘नाहीं’ म्हणून वेळ मारून नेली. उत्तराचा उरलेला भाग येथें देत आहों.

त्या ताटांतील शेवया खरोखरच प्राचीन आहेत. ११५४ च्या सुमारास सिसिलीच्या राजाच्या आश्रयास असलेल्या अल्-इद्रीसी या भूगोलकारानें पालेर्मोजवळच्या त्राबिया गांवीं त्या तयार होतात व जहाजांतून परदेशीं जातात, अशी नोंद करून ठेवली आहे. मार्को पोलो चीनहून परतला तो १२९५ त. तेव्हां त्यानें त्या तिकडून आणल्या ही आवडती आख्यायिका सोडून द्यावी लागते. टोमॅटोचें मात्र तसें नाहीं. तो अमेरिकेंतून स्पेनमार्गें युरोपांत आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्स येथें छापलेल्या आंतोनियो लातीनीच्या पाकशास्त्रांत टोमॅटोच्या चटणीची कृति आहे, पण ती ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून! शेवया आणि टोमॅटो यांची जोडी सर्वत्र रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकांत.

ती जोडी तरी कोणाच्या वांट्यास येत होती? १८६१ त इटलीचें एक राज्य झालें. एक पंगत मात्र झाली नाहीं. १८७७ त सुरू झालेल्या शेतकीच्या सरकारी चौकशीनें खेड्यांतील दैन्य उघडें केलें. उत्तरेकडील गरीब शेतकरी मक्याच्या घाट्यावर दिवस काढीत, आणि केवळ मक्यावर राहिल्यामुळें पेलाग्रा नांवाच्या रोगानें अंगाची कातडी सोलून निघून शेवटीं वेडे होत. दक्षिणेंत जाडीभरडी भाकर, कडधान्य आणि रानभाजी. मांस दिसावयाचें तें सणासुदीस. १८९१ त पेल्लेग्रीनो आर्तूसीनें फ्लॉरेन्स येथें स्वखर्चानें प्रसिद्ध केलेला पाकशास्त्रावरील ग्रंथ पुढें इटलीच्या घरोघरीं गेला खरा. पण तो शहरांतील सुखवस्तु कुटुंबांसाठीं लिहिलेला होता. दक्षिणेंतील बहुसंख्य शेतकऱ्यांना तो वाचतांहि आला नसता.

हीच माणसें गांव सोडून निघालीं. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारें चाळीस लक्ष इटालियन अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उतरले, आणि त्यांतील बहुतेक दक्षिणेकडचे होते. पुष्कळसे पुरुष एकटेच आले. चार पैसे गांठीं बांधून परत गेलेलेहि थोडे नव्हते. अशा एकट्या माणसांना एखादें बिऱ्हाड आपल्या अंधाऱ्या खोल्यांत जागा देई, आणि त्या घरची बाई सर्वांसाठीं रांधी. इटालियन वस्तींतील कित्येक भोजनगृहांचें मूळ अशाच स्वयंपाकघरांत आहे. कोंकणांतून व घाटावरून गिरणगांवांत आलेल्या एकट्या कामगारांना ज्या बायांनीं खाणावळी चालवून जेवूं घातलें, त्यांची आठवण मराठी माणसाला येथें झाल्यावांचून राहत नाहीं.

मजुरी हलकी होती आणि राहणें कोंदट होतें. पण या नव्या देशांत पीठ आणि मांस मुबलक होतें. इटलींत खिम्याचे गोळे लहान असत आणि शेवयांपासून वेगळे वाढले जात. अमेरिकेंत ते मोठे झाले आणि शेवयांवर जाऊन बसले. सणाचें जेवण दर रविवारचें झालें. इटलीहून येणाऱ्या शेवया पहिल्या महायुद्धांत थांबल्या, तेव्हां अमेरिकेंतील कारखाने वाढले. १९२४ च्या कायद्यानें नवीं माणसें येण्याचेंहि जवळजवळ बंद झालें, आणि हा स्वयंपाक मायदेशापासून तुटून आपल्या वाटेनें वाढूं लागला. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळांत घरीं गाळलेली द्राक्षाची दारू आडपडद्यानें मिळते, म्हणून इतर अमेरिकन लोकांनाहि या गल्ल्यांची वाट सांपडली. लहानशीं खाणावळवजा घरें ‘इटालियन भोजनगृहें’ म्हणून नांवारूपास आलीं.

पुढें दिवस पालटले. १९७३ त मार्चेल्ला हझान यांचें इटालियन पाककृतींचें पुस्तक अमेरिकेंत प्रसिद्ध झालें, आणि इटलींतील घरोघरचा स्वयंपाक किती निराळा व नाजूक आहे हें तेथील वाचकांस कळलें. मग तांबड्या रश्शाचीं हीं भोजनगृहें जुनाट ठरलीं, आणि कित्येकांनीं त्यांना खोटींहि म्हटलें.

आम्हांस तसें म्हणवत नाहीं. पूर्वज जें खात होते तीच परंपरा, असें आपण गृहीत धरतों. आपल्याकडेहि ‘आमच्या आजोबांच्या घरीं दुधातुपाचे पाट वाहत’ असें सांगणाऱ्या कित्येक घरांत प्रत्यक्षांत रोजची भाकरी आणि चटणीच असे. सणाचें एक पान मात्र आठवणींत वर्षभर वाढलेलें राहिलें. पूर्वजांनीं भोगलें तेवढेंच आपण सांभाळीत नाहीं; त्यांनीं ज्याची आस धरली तेंहि सांभाळतों, आणि कधीं कधीं तेंच अधिक निष्ठेनें सांभाळतों. तीं परातीएवढीं ताटें म्हणजे तृप्तीची मिरवणूक नव्हे. ती भुकेची आठवण आहे.

त्या रात्रीं आमच्या नातीला तिचें ताट संपलें नाहीं. वाढणाऱ्या वृद्ध बाईनें उरलेलें अन्न न विचारतांच डब्यांत भरून तिच्या हातीं दिलें. आतां तिला पत्रानें एवढेंच कळवावयाचें आहे, कीं बाळ, भिंतीवरचे ते गृहस्थ बहुधा असें रोज जेवत नसावेत. त्यांच्यासारखे पुष्कळजण असें एकदां रोज जेवतां यावें म्हणूनच घरून निघाले होते.