आक्रमक परकी वनस्पती : निर्मूलनावरील स्थानिक संस्थांचा खर्च व त्याची वैधता

बाहेरच्या मुलखातून येऊन इथल्या पाण्यावर आणि पडीक जमिनीवर पसरलेल्या वनस्पती काढायला महापालिका किंवा ग्रामपंचायत आपला निधी वापरू शकते का, हा या नोंदीचा विषय. स्थानिक संस्था कायद्याने जन्माला येते, म्हणून कायद्याने सोपवलेल्या कामांपलीकडे तिला पैसा खर्च करता येत नाही. लंडनमधील फुलहॅमच्या पालिकेला १९२१ मध्ये हे कपड्यांवरून कळले. लोकांनी येऊन आपले कपडे धुवावेत यासाठी धुलाईघर चालवण्याची मुभा तिला होती. पालिकेने नोकरांकरवी कपडे धुऊन द्यायला घेतले, तेव्हा न्यायालयाने ते अधिकाराबाहेरचे ठरवले.

जलपर्णीच्या बाबतीत महाराष्ट्रातील महापालिकांवर ही वेळ सहसा येत नाही, त्याला कारण एक जुना शब्दप्रयोग. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ (कलम ६३) या दोहोंत रोगट जागा सुधारणे, अपायकारक वनस्पती काढून टाकणे आणि उपद्रव दूर करणे ही कामे एका दमात बंधनकारक कर्तव्यांत घातली आहेत. १८८८ मध्ये डास आणि हिवताप यांचा संबंधही सिद्ध व्हायचा होता. भीती होती ती कुबट हवेची. त्या भीतीतून आलेल्या तीन-चार शब्दांवर आज तलाव साफ करण्याची देयके निघतात.

ग्रामपंचायतींची तरतूद अधिक गमतीची आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत उकिरडे आणि माजलेले रान यांच्या जोडीला निवडुंग काढण्याचे काम नावानिशी येते. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. म्हणजे परकी आक्रमक वनस्पतीचे नाव आपल्या गावकारभाराच्या कायद्यात केव्हाच येऊन बसले आहे. मात्र या निवडुंगाचा बराचसा निकाल त्याआधीच, १९२० च्या दशकात दक्षिण भारतात सोडलेल्या किरमिजी किड्याने लावला होता. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत मात्र यादीत नाही. ते ‘माजलेल्या रानात’ धरावे लागते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने ‘आक्रमक परकी प्रजाती’ची व्याख्या आली (अंमल १ एप्रिल २०२३ पासून). कलम ६२ अ नुसार अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि फैलाव यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. पालिकेच्या तिजोरीबद्दल त्यात काही नाही.

मालकीचा प्रश्न नाजूक आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, तलाव आणि त्यांची पात्रे सर्वसाधारणपणे राज्याची. पात्र सरकारचे, डास शहराचे, म्हणून काढण्याचा खर्च पालिकेचा, असा व्यवहारातला तोडगा. तो सर्वांना मान्य आहे असे नाही.

खरी कुरबुर होते ती खर्चाच्या रीतीवरून. निविदा टाळून तातडीने काम करायचे तर आयुक्तांकडे १९४९ च्या अधिनियमाचे कलम ६७(३)(क) आहे, पण ते अकस्मात ओढवलेल्या प्रसंगासाठी. दर उन्हाळ्यात ठरल्यासारखी फोफावणारी जलपर्णी अकस्मात म्हणायची कशी? मोजमापाचीही पंचाईत. ही वनस्पती नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. पोकलेनने काठावर काढलेला हिरवा ढीग आठवड्याभरात बसतो, काळा पडतो, आणि वेळेत उचलला नाही तर पावसाबरोबर पुन्हा पात्रात जातो. मोजमाप पुस्तकात क्षेत्रफळ राहते, पडताळायला जागेवर काही राहत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुणे महापालिकेत जलपर्णीच्या निविदेवरून मोठे वादंग झाले आणि ती रद्द झाली. आक्षेप होता तो दराला आणि गरजेला. पालिकेने जलपर्णी काढावी की नाही, हा वाद नव्हता.

महाराष्ट्राबाहेरची उदाहरणे अशी. बंगाल : येथे स्वतंत्र कायदाच झाला (१९३६). जलपर्णी वाढवणे वा राहू देणे गुन्हा. जागा ज्याच्या ताब्यात, त्यानेच ती नष्ट करायची. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत जलपर्णीमुक्ती हे प्रचारातले आश्वासन होते.

कर्नाटक : १९७५ मध्ये गाजर गवत शेतीच्या कीड-रोग कायद्याखाली उपद्रवी तण म्हणून जाहीर.