कोल्हापुरी चप्पल : नाव गावाचे, हात कुणाचे?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायात कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि मराठी अस्मिता एका रात्रीत जागी झाली. ज्यांनी आयुष्यात कधी रापी हातात धरलेली नाही, ज्यांच्या घरी चप्पल शिवणाऱ्याला अजून उंबऱ्याबाहेरच उभे राहावे लागते, तेही 'आमची चप्पल, आमचा वारसा' म्हणून फेसबुकवर लिहीत होते. माझे भांडण या 'आमची' शब्दाशी आहे. प्राडाने चोरी केली की नाही, यावर भरपूर लिहून झाले. पण ज्या वस्तूची चोरी झाली म्हणतात, तिचा मालक कोण होता, हे कुणी विचारले नाही.

कागदोपत्री उत्तर सोपे आहे. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे लोक ज्याला 'जीआय टॅग' म्हणतात ते. अर्ज २००९ मधला, प्रमाणपत्र हातात आले २०१९ मध्ये. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत तयार होणारीच चप्पल 'कोल्हापुरी'. नोंदणीकृत मालक दोन, आपल्याकडचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ. दोन्ही सरकारी.

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, ती याच मुद्द्यावर. याचिकाकर्ते वकील होते, मालक नव्हते. दावा करायचा तर मालकाने करावा. कायद्याच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट उघडी पडली. ज्या हातांनी चप्पल होते ते हात या सगळ्या खटल्यात कुठेच नव्हते. ना मालक म्हणून, ना याचिकाकर्ते म्हणून.

आता थोडे मागे जाऊ.

कोल्हापुरीचा इतिहास सांगताना बाराव्या शतकापर्यंत जाण्याची पद्धत आहे, आणि तिथे हरळय्यांचे नाव घेतले जाते. हरळय्या हे कल्याणचे चर्मकार शरण, बसवण्णांच्या चळवळीतले. बसवण्णांनी आपल्या नमस्काराला दुप्पट नमस्कार केला, त्या ऋणातून उतराई होण्यासाठी हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याची पादत्राणे केली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. मी वाचलेल्या जाहिरातींत कथा इथेच संपते. भक्ती, कारागिरी, आणि खाली किंमत.

खरी गोष्ट याच्या पुढे आहे. हरळय्यांच्या मुलाचे लग्न मधुवरस या पूर्वाश्रमीच्या ब्राह्मण शरणाच्या मुलीशी लागले. त्या लग्नासाठी बिज्जळ राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. कल्याणमध्ये रक्तपात झाला, शरणांची पांगापांग झाली. चर्मकाराने कातडे कमावावे, शिवावे, अगदी स्वतःच्या मांडीचे कातडे काढून द्यावे, याला व्यवस्थेची कधीच हरकत नव्हती. हरकत सोयरिकीला होती. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवले, त्याच्या जवळजवळ आठशे वर्षे आधी कल्याणच्या रस्त्यांवर त्याची किंमत मोजली गेली होती. 'वारसा' सांगायचाच असेल तर हा सांगा.

गावगाड्यात चर्मकार हा बलुतेदार. मेलेले जनावर ओढायचे महार-मांगांनी, कातडे कमवायचे ढोरांनी, वस्तू शिवायच्या चर्मकारांनी. प्रत्येकाच्या वर कुणीतरी आणि खाली कुणीतरी. ही जी पायऱ्यांची विषमता आहे, ती एका चपलेत थराथराने शिवलेली सापडते. कुणबी-मराठ्यांच्या विहिरीवरची मोट कातड्याची, नाडा कातड्याचा, पखाल कातड्याची. शेती या कातड्यावर चालत होती आणि मोबदला मिळत होता सुगीला खळ्यावर, तोही मालकाच्या मर्जीने. मोटेचे पाणी चालायचे. मोट शिवणाऱ्याने त्याच विहिरीला हात लावलेला चालायचा नाही. समाजशास्त्र शिकताना विटाळावर बरीच पुस्तके वाचली, पण विटाळ वस्तूला चिकटत नाही, माणसालाच चिकटतो, हे मला या मोटेने समजावले.

तेव्हा 'कोल्हापुरी' असे एक नाव नव्हतेच. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी निरनिराळी नावे होती, त्यातली काही ती करणाऱ्या गावांवरून पडलेली. माल मुंबईच्या बाजारात जाऊ लागला, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, तेव्हा शहराचे नाव चिकटले. त्याच सुमारास बाजूला कान असलेली हलकी 'कानवाली' निघाली असे सांगतात. म्हणजे हे नाव मुळात बाजाराने दिलेले आहे. अथणीचा, निपाणीचा, मदभावीचा कारागीर 'कोल्हापुरी' झाला तो व्यापाऱ्याच्या पेटाऱ्यातून.

याच काळात शाहू महाराजांचे कोल्हापूर होते, हे विसरून चालणार नाही. चर्मोद्योगाला राजाश्रय मिळाला हे सगळेच सांगतात. पण महाराजांचे मोठे काम चपला घालण्याचे नव्हते. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, १९१८ मध्ये बलुतेदारीच्या आणि महार वतनाच्या मुळावर घाव घातला, १९२० मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. जन्माने आलेला धंदा सोडता यावा, ही त्यातली दिशा होती. गंगाराम कांबळ्यांना त्यांनी हॉटेल काढून दिले आणि तिथला चहा स्वतः प्याले. कातड्याचा धंदा वाढवा, म्हणजे दलित सुखी होतील, एवढाच त्यांचा विचार असता तर चहाच्या कपाची गरज काय होती?

इथे आपल्या चळवळीतला जुना पेच येतो आणि तो टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. आम्ही महारांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले. बाबासाहेबांनी सोडायला लावले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी एक आठवण सांगितली आहे. 'केसरी'त कुणीतरी कातडे, शिंगे, खुरे, हाडे यांचा हिशेब मांडून दाखवला होता, की हे काम सोडल्याने महारांचे वर्षाला किती नुकसान होते. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे, की फायदा एवढा असेल तर ती ढोरे तुम्ही ओढा आणि नफाही तुम्हीच घ्या. मग आज मी, एक बौद्ध कार्यकर्ती, कातड्याच्या धंद्यातल्या हक्कांसाठी का लिहिते आहे? भौगोलिक मानांकनाचे समर्थक जो हिशेब मांडतात, तो 'केसरी'तल्या हिशेबाचाच नवा अवतार नाही का?

काही अंशी आहे. 'पारंपरिक कारागिरांनी परंपरा जपावी' असे कुणी म्हणाले की माझे कान टवकारतात. परंपरा जपणाऱ्यांच्या मुलांनी पुढे काय करायचे? जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे विवेचन हस्तकलेच्या प्रदर्शनात शिरताना दाराबाहेर ठेवता येत नाही. पण आज सुभाषनगरात बसून चप्पल शिवणाऱ्या माणसाला 'सोड' म्हणणे सोपे आणि त्याच्या मजुरीबद्दल बोलणे अवघड, म्हणून आपण सोपे तेच बोलत राहिलो. ज्याला सोडायचे त्याला सोडता आले पाहिजे. ज्याला करायचे त्याला त्याच्या कामाचे पुरते दाम आणि नाव मिळाले पाहिजे. पहिले मिळेपर्यंत दुसरे मागायचे नाही, असे कुठे लिहिले आहे?

तेव्हा कायदाच उघडून पाहू. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर करावा लागलेला. त्या करारातही गंमत आहे. वाइन आणि मद्य यांच्या भौगोलिक नावांना जास्तीचे संरक्षण आहे, बाकीच्या वस्तूंना साधे. म्हणजे फ्रान्सची शॅम्पेन वरच्या पंगतीत आणि आपली चप्पल बाहेर. पंगतीचा अनुभव आपल्याला नवा नाही. शिवाय हे संरक्षण नावाचे, आणि ते भारतापुरते. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नाव वापरलेच नव्हते.

पण माझे बोट दुसरीकडे आहे. या कायद्याच्या कलम २ मध्ये 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या आहे. हस्तकलेच्या बाबतीत वस्तू बनवणारा तो उत्पादक, इथपर्यंत ठीक. व्याख्या तिथे थांबत नाही. अशा वस्तूंचा व्यापार करणाराही तिच्यात घेतला आहे. म्हणजे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कमावणारा, अरीने टाके घालणारा, वेणी विणणारी आणि गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला भाव सांगणारा, कायद्याला सगळे सारखेच उत्पादक! समतेची इतकी घाई आपल्या कायद्यांना एरवी झालेली दिसत नाही.

मानांकन कारागिराच्या हातात येते ते 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद झाल्यावर. नोंद नसेल, तर ज्याने जन्मभर तीच चप्पल शिवली तोही कायद्याने ते नाव आपला हक्क म्हणून सांगू शकत नाही. आणि नोंद असलेल्या दुकानदाराला ते सांगता येते.

मालकी सरकारी महामंडळाकडेच असायला हवी होती, असेही नाही. कायद्याने उत्पादकांच्या संघटनेलाही अर्ज करता येतो. वारली चित्रकलेचे मानांकन आदिवासी युवा सेवा संघाच्या नावावर आहे. २००९ मध्येच पुणेरी पगडीलाही मानांकन मिळाले, तेही पगडीवाल्यांच्या संघामार्फत. पगडीला आपला संघ आणि चपलेला महामंडळ. डोके आणि पाय यांचा हा जुना हिशेब योगायोगाने आला असेल, पण दिसल्यावर न बोलता राहवत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड भारतात करून घ्यायचे, एका जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास. वर्तमानपत्रांनी विजय म्हणून छापले. मलाही आनंद झाला, खोटे कशाला बोलू. पण आठशे युरोंतले टाका घालणाऱ्याला किती, कातडे कमावणाऱ्याला किती, वेणी विणणारीला किती, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हते.

कातडे कमावणाऱ्यांचा प्रश्न तर वेगळाच. कक्कय्यांना मानणारा ढोर समाज कोल्हापुरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत होता. आता बरेचसे कातडे तामिळनाडूतून येते. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. पुढच्याच वर्षी गुजरातेत उन्याजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना गाडीला बांधून मारले. चपलेचा अभिमान आणि कातड्याची शिक्षा एकाच देशात, एकाच काळात चालू आहे, आणि अभिमानवाल्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात कामानिमित्त एका वस्तीत गेले होते. एक मावशी दारात बसून वेणी विणत होत्या. पाऊस असल्याने कातडे वाळत नव्हते, काम कमी होते, म्हणून गप्पांना वेळ होता. मी मानांकनाचे विचारले. त्या म्हणाल्या, "ते कागद मालकाकडं हाईत बाई. आमाला काय त्याचं." मालक म्हणजे माल उचलणारा दुकानदार. चाळीस वर्षे वेणी विणणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच कागदावर नाही. घरात कारागीर कोण, असे विचारले की नवऱ्याचे नाव पुढे येते आणि तिचे काम 'हातभार' होते.

अधिकृत वापरकर्त्याच्या अर्जाचे शुल्क २०२० च्या नियमदुरुस्तीने पाचशेवरून दहा रुपयांवर आणले आहे. हे मी सांगितले तेव्हा मावशी हसल्या. दहा रुपयांचा प्रश्न नव्हताच. आपण उत्पादक कसे, हे अर्जात दाखवावे लागते आणि तिच्याकडे बिल नाही, पावती नाही, खाते नाही. माल जातो तो दुकानदाराच्या वहीत, नवऱ्याच्या नावाने.

म्हणून आम्ही सध्या एवढेच केले आहे. वस्तीतल्या अकरा बायकांना प्रत्येकी एक दोनशे पानी वही दिली आहे. तारीख, किती जोडांच्या वेण्या, कुणाला दिल्या, किती पैसे आले. मावशींची नात सातवीत आहे, ती संध्याकाळी आजीचे लिहून देते. एका दुकानदाराने ही वही कशाला म्हणून विचारलेही. पहिले सहा महिने भरले की या वह्या जोडून अकरा अर्ज पाठवायचे आहेत, अकरा बायकांच्या नावाने.