रुक्मिणीची पोथी आपण नीट वाचली आहे का?

आमच्या यवतमाळकडे मुलीचं लग्न लांबलं की कोणीतरी मावशी-आत्या सांगतेच, "रुक्मिणी स्वयंवराचं पारायण करायला लावा." माझ्या बहिणीच्या हातीही आजीनं ती पोथी दिली होती. पुढे मी स्वतः वाचली आणि हसूच आलं. अहो, घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडणाऱ्या मुलीची ही गोष्ट, आणि आपण ती लग्न जमावं म्हणून वाचायला देतो!

गोष्ट आपल्याच मुलखातली. कौंडण्यपूर वर्धेच्या काठावर. तीच वर्धा पुढे आपल्या जिल्ह्याची सीमा होते. भीष्मक राजाची ही लेक. भाऊ रुक्मीनं शिशुपालाशी लग्न ठरवलं, तिला विचारलंच नाही. तिनं एका ब्राह्मणाहाती द्वारकेला निरोप धाडला. भागवतात तो सात श्लोकांचा आहे. त्यात नुसतं प्रेम नाही, पक्का बेत आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी मी कुलदेवीला गावाबाहेर जाईन, तिथून मला ने.

13व्या शतकात महदाइसेनं ऋद्धिपुरात याच लग्नाचे धवळे रचले. त्याच शतकाच्या अखेरीस नरेंद्रानं त्यावर काव्य लिहिलं, 1571 मध्ये एकनाथांनी काशीत. इतक्या वेळा सांगूनही ही गोष्ट शिळी का होत नाही?

मला वाटतं, मधल्या त्या वाट पाहण्यामुळे. वऱ्हाड दारात आलंय, निरोप्या परतलेला नाही. कृष्ण येणार हे आपल्याला माहीत असतं, तिला नसतं. जीव तिथे अडकतो. प्रेमकथा रूपाच्या वर्णनानं मनात बसत नाही. कोणीतरी सगळं पणाला लावून "मला हाच पाहिजे" म्हणावं लागतं.

2016 मध्ये 'सैराट'नं थिएटरं भरली ती याच धाग्यावर. आर्चीही स्वतः निवडते, तिचाही भाऊ माग काढतो. फरक शेवटात आहे. रुक्मी पाठलाग करतो, हरतो, आणि बहिणीच्याच विनवणीनं जिवंत सुटतो. आर्चीचा भाऊ मात्र तिला जिवंत सोडत नाही. सिनेमा संपला तेव्हा आमच्या रांगेतलं कोणी जागचं उठलं नाही.

रुक्मिणीची पालखी आजही आषाढीला कौंडण्यपुराहून पंढरपूरला जाते. तिच्यापुढे आपण हात जोडतो. मग आपल्याच गावात एखाद्या पोरीनं "मला हा पसंत आहे" म्हटलं, की घराची इज्जत कुठून आडवी येते?

पोथी जरूर वाचायला द्या. वाचून झाल्यावर पोरीला एकदा विचाराही, तुझ्या मनात कोण आहे?