फोटोतून गायब झालेला माळ

चार वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका माळावर पोटावर सरपटत मी धाविक पक्ष्याचा फोटो काढला. ५०० मिमीची लेन्स, एफ/५.६ अ‍ॅपर्चर, दहा मीटर अंतर. डोळा लख्ख, मागे नुसता बदामी रंग. माझ्या सगळ्या फोटोंमध्ये सर्वाधिक लाइक्स त्यालाच मिळाले. गेल्या वर्षी तिथे प्लॉटिंग झालं. माळावर कोणतं गवत होतं हे आठवेना, म्हणून तो फोटो उघडला. त्यात माळच नव्हता.

पक्ष्याला त्याच्या जागेपासून असं वेगळं काढणं जुनंच आहे. १८८२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी सेकंदाला १२ चित्रं टिपणारी ‘फोटो-बंदूक’ बनवली. पुढे त्यांनी काळ्या पडद्यासमोर पक्षी उडवले. त्यांना पंखांची हालचाल मोजायची होती. मागचं काही दिसलं तर तो अडथळाच.

एलियट पोर्टर यांनी वेगळा रस्ता धरला. हा अमेरिकन माणूस आधी केमिकल इंजिनिअर, मग डॉक्टर, मग फोटोग्राफर. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांच्या रंगीत पक्षिचित्रांचं प्रदर्शन भरलं. फ्लॅशच्या भरपूर उजेडामुळे त्यांना अ‍ॅपर्चर लहान ठेवता येई. त्यामुळे पक्ष्याबरोबर घरटं आणि जवळची पानंही रेखीव येत.

१९९७ मध्ये एका अमेरिकन मासिकाने ‘बोके’ हा जपानी शब्द इंग्रजी वाचकांपर्यंत नेला. लेन्समधून येणाऱ्या धूसरपणाचा पोत कसा आहे, यावर चर्चा सुरू झाली. २०२० पासून तर कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधू लागले. गवत शोधायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

मी माझ्या फोटोचं गणित मांडलं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर त्या सेटिंगला जेमतेम १३ सेंटीमीटर खोलीतलंच रेखीव येतं. एफ/११ केलं तर २६. पण पक्ष्यापासून वीस मीटर अंतरापर्यंत मागे जाऊन एफ/११ ठेवलं, तर मीटरभर. शिवाय मी आडवा पडलो होतो, म्हणून पक्ष्यामागची जमीन दूरवर पसरली आणि विरघळली. उभा राहिलो असतो, तर त्याच्या पायाशी लगतचीच जमीन मागे आली असती.

आता मी दोन फोटो काढतो. एक नेहमीसारखा, जवळून. दुसरा मागे सरकून, उभं राहून. त्यात पक्षी लहान दिसतो, गवताची पाती मात्र मोजता येतात. त्याला लाइक्स फारसे मिळत नाहीत. तो मी तारीख आणि जागेचं नाव लिहून जपून ठेवतो.